मान मोडलेला बगळा: हाताने छापलेल्या चित्राचे सात खणांचे कपाट आणि त्याची दुरुस्ती

पार्श्वभूमी

हे प्रकरण ज्या कार्यशाळेतले आहे तिथे तिघे जण काम करतात: फर्निचरची रचना करणारी डिझायनर, लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर) कोरून हाताने छापणारा मुद्राचित्रकार आणि सांगाडे बांधण्यात उभी हयात गेलेला एक ज्येष्ठ सुतार. ओळख पटू नये म्हणून नावे, ठिकाण आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. मापे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण या प्रकरणाचा जीव मापांत आहे. माझे काम लाकडाच्या फिनिशिंगचे. तक्रारी आल्यानंतर मला बोलावण्यात आले, त्यामुळे त्याआधीचा भाग त्यांच्या नोंदवहीवरून आणि त्यांच्याकडून ऐकून लिहिला आहे.

वस्तू म्हणाल तर साधी होती. एकावर एक सात खणांचे उभे कपाट, रुंदी ७०० मिमी. प्रत्येक खणाची दर्शनी फळी १६० मिमी उंच आणि दोन फळ्यांमध्ये ३ मिमीची फट. या सातही फळ्यांवर मिळून एकच चित्र होते: लव्हाळ्यांत उभा असलेला बगळा, पाय सर्वांत खालच्या खणावर आणि चोच सर्वांत वरच्या खणावर. मान सरळ उभी नव्हती, ती तिरकी वर जात मध्येच वळण घेत होती. चित्र लिनोच्या ठशांवरून तेलाच्या शाईने, लांब तंतूंच्या पातळ कागदावर छापलेले होते. चोचीला तेवढा पिवळा रंग हाताने दिला होता. छापील कागदाच्या सात पट्ट्या कापून त्या गव्हाच्या खळीने फळ्यांवर चिकटवायच्या आणि वरून लॅकरचे थर द्यायचे, अशी पद्धत ठरली. आवृत्ती १२ प्रतींची, शिवाय दोन कलाकार-प्रती, म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या. प्रत्येक कपाटाच्या आतल्या बाजूला क्रमांक आणि सही.

फर्निचरवर छापील चित्रे चिकटवण्याची रीत जुनी आहे. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये महागड्या पौर्वात्य लाखकामाची नक्कल म्हणून छापील चित्रे कापून, रंगवून, फर्निचरवर डकवून त्यांवर व्हार्निशचे थर देत असत. विसाव्या शतकात जिओ पोन्ती यांची रचना आणि पिएरो फोर्नासेत्ती यांची छापील सजावट असलेले ‘आर्किटेत्तुरा’ हे कपाट १९५१ साली मिलानच्या त्रिएन्नाले या रचनाप्रदर्शनात मांडले गेले, आणि चित्राने नखशिखांत झाकलेल्या कपाटाचे उदाहरण म्हणून आजही बहुतेकांना तेच आठवते. त्यावरचे चित्र इमारतींचे आहे, ही गोष्ट मला तेव्हा फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. पुढे ती महत्त्वाची ठरली.

काम सुरू होण्यापूर्वी तीन निर्णय झाले होते, आणि ते तिन्ही ज्याच्या त्याच्या जागी समंजस वाटतात. पहिला, खणांना मुठी लावायच्या नाहीत, कारण मुठींमुळे बगळ्याच्या अंगावर सात बटणे दिसली असती. त्याऐवजी फळीच्या वरच्या कडेला मागून खाच घेऊन तिथे बोटे घालून खण ओढायचा. दुसरा, दर्शनी फळ्या घन लाकडाच्या ठेवायच्या, कारण ग्राहकांना तसे सांगण्यात आले होते. तिसरा, नमुना म्हणून ३०० मिमीच्या चौकोनी तुकड्यावर छापील कागद चिकटवून, लॅकर मारून पाहायचे. तो नमुना उत्तम उतरला. मात्र तो हाताशी पडलेल्या प्लायवूडच्या तुकड्यावर केलेला होता आणि त्यात एकही फट नव्हती.

अडचण

बारांपैकी पाच कपाटे कोरड्या दिवसांत पोहोचती झाली. हवा दमट झाल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत तीन ग्राहकांचे निरोप आले. प्रत्येकाचे शब्द वेगळे होते, पण रोख एकच होता: बगळ्याची मान मोडल्यासारखी दिसते. एकाने जोडीला कळवले होते की वरून दुसऱ्या खणाच्या कडेला कागद उचलला जाऊन लॅकरला बारीक चिरा पडल्या आहेत. उरलेल्या दोघांकडून काहीच आले नाही.

मी गेलो तेव्हा त्यांतले एक कपाट कार्यशाळेत परत आणलेले होते. फळीच्या उंचीवर सरळ पट्टी उभी धरली की मध्यभागी उजेड दिसत होता. फीलर गेजने, म्हणजे फटीत सरकवून अंतर मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजल्यावर काही फळ्यांत दीड, तर एका फळीत दोन मिलिमीटरचा बाक आढळला. बाक आतल्या दिशेने होता, म्हणजे दर्शनी बाजू वाटीसारखी खोल आणि वरखालच्या कडा पुढे आलेल्या. कारण शोधायला फार डोके खाजवावे लागले नाही. समोरच्या बाजूला कागद आणि लॅकरचे सहा थर होते, मागची बाजू कोरी होती. मागून ओल शोषली गेली, मागची बाजू फुगली आणि फळीने पुढे वाटी केली. शिवाय घन लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. फळीचे तंतू ७०० मिमीच्या दिशेने होते, त्यामुळे फुगण्याचा सगळा भार १६० मिमीच्या उंचीवर आला. लाकडातल्या ओलाव्याचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले तर एवढ्या मापात जातीनुसार दीड मिलिमीटरच्या आसपास वाढ होते. तीन मिलिमीटरच्या फटीतून दीड गेले तर डोळ्याला ते कळतेच. पुढे आलेल्या कडेलाच बोटे लागत होती, आणि वरून दुसरा खण सर्वांत जास्त उघडला जाणारा, म्हणून कागद तिथेच पहिल्यांदा सुटला होता.

एवढ्यावर निदान संपले असे मला वाटले, आणि मी तसे सांगूनही टाकले. मुद्राचित्रकाराने सुटकेचा श्वास घेतला, कारण दोष लाकडाचा ठरला होता. सुतार मात्र काही न बोलता एक काळा दोरा घेऊन आला. त्याने आधी टेबलावरच्या न कापलेल्या प्रतीवर मानेच्या तिरक्या भागावरून दोरा ताणला. रेघ आणि दोरा एकजीव होते. मग त्याने तोच दोरा कपाटावर, मानेच्या खालच्या टोकाशी धरून वरच्या टोकाकडे त्याच कोनात नेला. पहिली फट ओलांडताच रेघ दोऱ्याच्या बाजूला सरकली, दुसऱ्या फटीनंतर आणखी सरकली, तिसऱ्या फटीनंतर रेघ आणि दोरा यांत करंगळी मावेल एवढे अंतर पडले. “ताई, मान मोडलेली नाही,” तो डिझायनरला म्हणाला, “मान लांबलीय.”

चित्र ११२० मिमी उंच होते आणि त्याच्या सात पट्ट्या बरोबर १६० मिमीच्या होत्या. त्या फळ्यांवर बसवताना मध्ये सहा फटी आल्या, प्रत्येकी तीन मिलिमीटर, म्हणजे चित्र १८ मिमी ताणले गेले. आडव्या रेघांना याचे काही वाटत नाही, सरळ उभ्या रेघांनाही नाही. तिरकी रेघ मात्र प्रत्येक फटीपाशी पायरी घेते. ४५ अंशांत जाणारी रेघ तीन मिलिमीटरच्या फटीपाशी तीन मिलिमीटर बाजूला पडते. आपला डोळा फटीकडे खिडकीच्या गजाप्रमाणे पाहतो: रेघ गजामागून गेली आणि पलीकडे निघाली, असे तो गृहीत धरतो. चित्र फटीपाशी थांबून पलीकडे तिथूनच पुढे सुरू झाले, तर डोळ्याला ती मोडतोड वाटते. म्हणजे दोष पहिल्या दिवसापासून होता; कोरड्या दिवसांत तो कोणी बोलून दाखवला नाही एवढेच. फळ्यांना बाक आल्यावर कडांच्या सावल्या पडल्या आणि ज्या जागी रेघ सरकलेली होती त्याच जागी नजर खिळू लागली.

इमारतींच्या चित्राचा मुद्दा मला इथे आठवला. इमारतीच्या दर्शनी भागात कंगोरे, मजल्यांच्या रेघा, पायऱ्या अशा आडव्या गोष्टी मुळातच असतात आणि खणांच्या फटी त्यांत मुरून जातात. बगळ्याच्या मानेत मुरायला जागा नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जागच्या जागी डागडुजी करण्याचा होता: सुटलेला कागद चिकटवणे, चिरा भरणे, मागची बाजू बंद करणे. तो सर्वांत स्वस्त होता आणि त्याने बाकाचा बराच प्रश्न सुटला असता, पण पायरी तशीच राहिली असती. दोरा ताणण्याआधी मी स्वतः याच बाजूचा होतो, हे इथे नोंदवले पाहिजे.

खणांऐवजी बाहेरून दोन उंच दरवाजे लावून खण त्यांच्या आत ठेवण्याचीही सूचना आली. त्यात चित्राला एकच उभी फट आली असती आणि चित्र सर्वांत चांगले राहिले असते. डिझायनरने ती नाकारली. लहानसहान गोष्टी ठेवण्याचे कपाट आहे, रुमाल काढायला आधी दरवाजा आणि मग खण उघडायला लागला तर माणसे ते वापरणे सोडून देतील, असे तिचे म्हणणे होते. मला ते पटले. साठवणीचे फर्निचर आधी उघडले जाते आणि मग पाहिले जाते.

चित्रच बदलावे, प्रत्येक खणावर स्वतंत्र छोटे चित्र द्यावे, हा विचार पाच मिनिटांत बाजूला पडला, कारण ग्राहकांनी बगळा पसंत केला होता.

उरला तो पर्याय: सांगाडा तोच ठेवून सातही दर्शनी फळ्या नव्याने करायच्या, वेगळ्या पायावर, आणि चित्र कापताना फट चित्रातून वजा करायची. इथे खरा पेच उभा राहिला. कार्यशाळेत राहिलेल्या सात कपाटांसाठी न कापलेल्या प्रती रॅकवर होत्या, त्या नव्या मापाने कापता येणार होत्या. ग्राहकांकडे गेलेल्या पाच कपाटांवरचा कागद मात्र लॅकरखाली होता आणि धड निघणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी ठशांवरून पुन्हा छापावे लागणार होते. मुद्राचित्रकाराने लेखी दिले होते की १२ आणि दोन यांखेरीज एकही प्रत निघणार नाही.

आवृत्ती पूर्ण झाली की ठशावर आडवी चीर मारून तो बाद करण्याची रीत आहे. त्याने ती पाळली असती तर हा पर्यायच उरला नसता. शेवटचे कपाट गेल्यावर करू, म्हणून त्याने ते काम मागे ठेवले होते, आणि या आळसावर सगळी दुरुस्ती तरली. तरीही तो पुन्हा छापायला तयार नव्हता. त्याचा युक्तिवाद सरळ होता: मर्यादित आवृत्ती म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द, आणि आपल्या चुकीसाठी तो शब्द मोडणे ही दुसरी चूक. डिझायनरचे म्हणणे असे की शब्द प्रतींच्या संख्येचा आहे. जुनी प्रत नष्ट करून तिच्या जागी नवी आली तर संख्या बदलत नाही. दोन दिवस यावर काथ्याकूट झाला. अखेर ठरले की जुन्या फळ्या परत आल्यावरच नवी प्रत द्यायची, जुन्या फळ्या ग्राहकाच्या देखत आडव्या कापायच्या, नव्या प्रतीवर तोच क्रमांक घालून शेजारी ‘बदली’ असे लिहायचे आणि हा सगळा व्यवहार बारांही ग्राहकांना लेखी कळवायचा.

त्यातला “बारांही” हा शब्द सहज आलेला नाही. तक्रार न केलेल्या दोघांना कशाला सांगायचे, असा सूर होताच. त्यांच्या लक्षात आले नसेल तर ते सुखी आहेत, हे त्यामागचे तर्कशास्त्र. सांगावे, असे मत सुताराने दिले, आणि कारणही व्यवहारी दिले: पुढच्या दमट दिवसांत त्यांचाही कागद उचलेल, आणि तेव्हा आपल्याला आधीच माहीत होते हे त्यांना कळेल.

केलेली कार्यवाही

या वेळी चाचणी खऱ्या मापात घेतली. १६० बाय ७०० मिमीच्या चार फळ्या केल्या: घन लाकूड मागून कोरे, घन लाकूड मागूनही लॅकर दिलेले, १८ मिमीचे प्लायवूड फक्त समोरून कागद लावलेले, आणि तेच प्लायवूड दोन्ही बाजूंनी कागद लावलेले. एका झाकणबंद मोठ्या पेटीत साध्या मिठाचा, तळाशी न विरघळलेले मीठ राहील इतका दाट द्राव उथळ ताटांत ठेवला. अशा द्रावावरची हवा नेहमीच्या तापमानात सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेवर टिकून राहते, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. तीन आठवड्यांनी फळ्या काढल्या. कोऱ्या पाठीच्या घन लाकडाने अपेक्षेप्रमाणे वाटी केली. दोन्हीकडून लॅकर दिलेली फळी सपाट राहिली होती, पण तिची उंची वाढली होती. लॅकर ओल अडवत नाही, तिला उशीर लावते. एकाच बाजूच्या कागदाने ओढून धरल्यामुळे तिसऱ्या फळीला किंचित बाक आला होता. चौथ्या फळीवर सरळ पट्टी ठेवली तर उजेड दिसला नाही.

प्लायवूड घ्यायचे तर “घन लाकूड” हे विक्रीचे वाक्य मागे घ्यावे लागणार होते, आणि डिझायनरला ते जड गेले. मधला मार्ग मुठीच्या प्रश्नातून निघाला. बोटे जिथे लागतात ती वरची कड कागदाची ठेवणेच चुकीचे होते. म्हणून प्रत्येक फळीच्या वरच्या कडेला १२ मिमीची घन लाकडाची गडद पट्टी बसवली, कागद तिच्या खालून सुरू केला आणि बोटांची खाच त्या पट्टीतच घेतली. पट्टी झिजली तर पुन्हा पॉलिश करता येते. चित्र झिजले तर काही करता येत नाही.

पट्टीचे १२ आणि फटीचे ३ मिळून १५ मिमीचा गडद आडवा पट्टा तयार झाला. चित्राची ११२० मिमी उंची कायम ठेवून सहा पट्टे त्यातून वजा केले तर कागदाची प्रत्येक पट्टी सुमारे १४७ मिमीची होते. सांगाड्याच्या मापात सहा-सात मिलिमीटरचाच फरक पडला आणि तो सर्वांत वरच्या लाकडी पट्टीत जिरवता आला. चित्रातले ९० मिमी कापून टाकायचे, हे ऐकून मुद्राचित्रकार प्रथम गप्प झाला. मग सुताराने एका रद्दी प्रतीवर १५ मिमीच्या सहा काळ्या कागदी पट्ट्या आडव्या टाकून ती भिंतीला लावली. चार पावले मागे जाऊन पाहिले तर बगळा पट्ट्यांमागे, जणू कुंपणाआड, अखंड उभा होता. एकच अडचण होती: एक पट्टी बरोबर डोळ्यावरून जात होती. सगळी मांडणी आठ मिलिमीटर वर सरकवून डोळा वाचवला, आणि चित्राच्या खालच्या टोकाला तेवढी मोकळी जागा राहिली, जी पाण्याच्या कोऱ्या भागात खपून गेली.

छपाईत दोन सुधारणा केल्या. तेलाची शाई हवेतल्या प्राणवायूने सुकते, तिला घाई चालत नाही. पहिल्या खेपेला पाच दिवसांनी लॅकर दिले होते, आता तीन आठवडे थांबून, पांढऱ्या कापडाने काळा भाग घासून कापड स्वच्छ निघाल्यावरच पुढे गेलो. शाई आणि पाण्यात मिसळणाऱ्या लॅकरच्या मध्ये लाखेच्या पॉलिशचा पातळ थर दिला. एक फजितीही झाली. खळ लागलेला कागद भिजून पसरतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो. पहिल्या नव्या कपाटाची एक पट्टी खळ लावून बोलण्याच्या नादात तशीच पडून राहिली आणि चिकटवल्यावर शेजारणीपेक्षा दोन मिलिमीटर रुंद भरली. सुदैवाने तीवर लव्हाळीच होती. त्यानंतर सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने कापल्या आणि खळ लावल्यापासून चिकटवेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून पाळला.

निष्पत्ती

पाचपैकी चार ग्राहकांनी जुन्या फळ्या परत दिल्या, त्यांत तक्रार न केलेले दोघेही होते. त्यांतल्या एकाने सांगितले की मान त्याला आधीपासून खटकत होती, पण चित्रकाराची शैली असेल असे समजून तो गप्प बसला. पाचव्या ग्राहकाने फळ्या द्यायला नकार दिला. त्याला मोडक्या मानेचाच बगळा आवडू लागला होता. त्याच्या घरी जाऊन फळ्यांची पाठ लॅकरने बंद केली, उचललेला कागद चिकटवला आणि त्याच्या क्रमांकाची नवी प्रत छापलीच नाही. चार बदली प्रती निघाल्या, आठ-आठ तुकडे झालेल्या जुन्या फळ्या मुद्राचित्रकाराने स्वतः मोजून घेतल्या, आणि त्याच दिवशी ठशांवर चीर मारली.

पुढच्या दमट मोसमात नव्या कपाटांपैकी तीन मोजता आली. सर्वांत जास्त बाक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. दुसऱ्या खणाच्या लाकडी पट्टीवरचे पॉलिश बोटांनी मंद झाले होते, ते तसेच होणार होते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्तात टळणारी चूक नमुन्याची होती. सपाट, फट नसलेला, दुसऱ्याच लाकडावरचा तुकडा पाहून त्यांनी सातखणी कपाट मंजूर केले. खऱ्या मापाच्या दोन फळ्या, खऱ्या लाकडाच्या, एकावर एक, मध्ये खरी फट, आणि मानेचा सर्वांत तिरका भाग नेमका त्या फटीवर: एवढा नमुना दोन दिवसांत झाला असता आणि पायरी तिथेच दिसली असती. लाकडाचा बाक त्यातही कदाचित निसटला असता, कारण दिवस कोरडे होते. पण पाठ कोरी का, हा प्रश्न हातात फळी असलेल्या कोणीतरी विचारला असता.

दुसरी गोष्ट क्रमाची. चित्र आधी पूर्ण झाले, मग कपाटाचा आराखडा झाला, मग दोन्ही एकमेकांवर ठेवले गेले. आता ही कार्यशाळा चित्रकाराला कोरा कागद देत नाही; फटी आणि पट्ट्या आधीच काळ्या छापलेला कागद देते. मुद्राचित्रकाराला हे बंधन वाटते का, असे मी विचारले, तर तो म्हणाला की लिनोत कोरून गेलेले परत भरता येत नाही, तेव्हा काय जाणार ते आधी कळलेले बरे.

आवृत्तीच्या करारात बदली प्रतींचे कलम नसणे ही माझ्या मते डिझायनरची चूक होती, चित्रकाराची नव्हे. भिंतीवरच्या चित्राला रोज कोणी ओढत नाही. खणावरच्या चित्राला ओढतात. अशा वस्तूची प्रत कधीतरी खराब होणारच, हे फर्निचर करणाऱ्याने चित्रकाराला सांगायला हवे होते.

एक प्रश्न मात्र अजून लटकलेला आहे. खिडकीसमोर ठेवलेल्या एका कपाटावर चोचीचा हाताने दिलेला पिवळा रंग फिका पडू लागला आहे. काळी शाई काजळीची, तिला उजेडाचे भय नाही. पिवळ्या रंगाची उजेडात टिकण्याची प्रतवारी मात्र डबीवर पाहिलीच गेली नव्हती. ग्राहकाने कपाट खिडकीपासून हलवले आहे, आणि कार्यशाळेच्या तावदानाला तीन वेगवेगळ्या पिवळ्यांच्या पट्ट्या अर्ध्या जाड पुठ्ठ्याखाली झाकून चिकटवलेल्या आहेत. पुठ्ठा अजून काढलेला नाही.